कॉमांची सावड

खोपोलीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं इंग्रजी टाइप केलं. बोलायला सांगाल तर आजही माझी त-त-प-प होते, पण कागदावर माझ्या हातून चुकीचं इंग्रजी सुटलेलं कुणी दाखवावं. साहेब लोक तोंडी मजकूर सांगायचे. तो ऐकायला बरा वाटायचा आणि कागदावर आला की त्याला ना शेंडा ना बुडखा. त्यात कॉमे, फुलस्टॉप, कॅपिटल अक्षरं भरून त्याला माणसांत आणायचं काम माझं. मग साहेब सही ठोकायचे आणि आपण काय झकास लिहितो अशा तोऱ्यात पत्र पाठवायचे. मला त्याचा राग यायचा. मला तसा बऱ्याच गोष्टींचा राग येतो, आमच्या घरी कुणालाही विचारा.

निवृत्त होऊन भिसेगावात घरी बसले तेव्हा हाताला चाळा उरला नाही. जाहिरातींचे कागद यायचे, त्यांतल्या इंग्रजी चुका लाल पेनाने सुधारून मी ते रद्दीत टाकायची. रद्दीवाल्याला त्याचा काय उपयोग, असं आमच्या यजमानांनी एकदा विचारलं. मी पेनात नवी लाल रिफिल घातली.

अशात कळंबच्या पलीकडच्या एका गावातले शाळेचे सर घरी आले. ओळखीतले. त्यांच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग. पुढे आठवीला कळंबचं मराठी हायस्कूल आहेच, पण यंदा नऊ मुलांना कर्जतच्या हायस्कूलात सेमी इंग्रजीच्या तुकडीत जायचं होतं आणि तिथे बाहेरच्या मुलांची इंग्रजीची परीक्षा घेऊन मगच घेत. एप्रिलच्या शेवटी परीक्षा. सरांच्या गळ्यात दोन वर्ग आणि वर सरकारी याद्यांची कामं.

"नवीन काही शिकवायचं नाही," सर म्हणाले. "सगळं झालेलं आहे. तुम्ही नुसती उजळणी घ्या."

पहिल्या दिवशी मला कळलं की 'झालेलं आहे' म्हणजे पुस्तकाची पानं उलटून झालेली आहेत.

आठवड्यातून तीन दिवस मी सहा सिटर रिक्षाने जायची. शाळेचे पत्रे मार्चपासूनच तापत, म्हणून वर्ग भरायचा बुद्धविहारात. तिथे फरशी थंड आणि दोन पंखे. सहा मुली, तीन मुलगे. पहिल्याच दिवशी मी त्यांना एक पानभर मजकूर दिला, आठवडी बाजाराला गेलेल्या एका मुलीचा. सगळी अक्षरं बारकी, एकही खूण नाही, सगळं सलग. म्हटलं, याला नीट करा.

एकाने प्रत्येक शब्दानंतर कॉमा दिला. म्हणाला, देऊन ठेवलेला बरा. एकीने पहिल्या ओळीच्या आरंभी कॅपिटल अक्षर काढलं, मग प्रत्येक ओळीच्या आरंभी काढलं, वाक्य अर्ध्यात असलं तरी. आणि एक ठेंगणी, सावकाश बोलणारी मुलगी, तिने अख्ख्या पानात फक्त फुलस्टॉप दिले. पण ते सगळे जागच्या जागी. एकही चुकलेला नव्हता. बाकी पान तिने तसंच ठेवलं होतं, कुणी दुसरं येऊन करील अशा थाटात. तिच्या शेजारी बसणाऱ्या उंच मुलीचं पान मात्र मी दोनदा तपासलं. त्यात दोनच चुका होत्या. त्या दोघी एकमेकींच्या शेजारी राहतात हे मला तेव्हाच कळलं, कारण ठेंगणीला नाव, घर काहीही विचारलं तरी उत्तर उंच मुलगीच द्यायची, शेजारीण म्हणून.

माझा राग नाकावरच बसलेला असतो. मी वह्या आपटल्या आणि जाहीर केलं, "दोन आठवड्यांनी वह्या बघणार. ज्याच्या पानात दहापेक्षा जास्त चुका, त्याने परीक्षेला बसायचंच नाही. उगाच शाळेची फजिती."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. असला नियम करायचा मला अधिकारही नव्हता. पण ऑफिसात एकतीस वर्षं लोकांच्या चुका निस्तरल्यावर माणसाला अधिकार असल्यासारखा वाटायला लागतो.

आणि काय सांगू, पोरं सुधारली. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून वह्या अशा येऊ लागल्या की माझं लाल पेन नुसतं हातात. नऊच्या नऊ वह्यांत कॉमे जागेवर, कॅपिटल जागेवर. अपॉस्ट्रॉफीला मुलं 'वरचा कॉमा' म्हणत, तोसुद्धा बरोबर जागी लटकलेला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी जेवताना मी यजमानांना शिकवण्याच्या कलेवर भाषण दिलं. सरांना म्हणाले, मुलांना शिस्त लागते हो, लावणारा पाहिजे.

पंधरवडा भरत आला तेव्हा एका सकाळी मी रिक्षा सुटायची वाट बघत होते. ती काही भरेना. वेळ होता म्हणून मांडीवर वह्या घेऊन चाळत बसले, एकेक नाही, दोन-दोन उघडून. आणि मला काहीतरी खटकलं.

आमच्या ऑफिसात पूर्वी पाच टाइपरायटर होते. कुठलंही पत्र हातात दिलं की ते कुठल्या मशिनवर ठोकलंय हे मी सांगायची. एकाचं एक अक्षर तुटकं, एकाची ओळ उजवीकडे चढायची. ती नजर काही निवृत्त झालेली नव्हती. नऊ वह्यांत अक्षर नऊ जणांचं होतं. पण कॉमे सगळे एका हातचे, शेपटी लांब काढलेले. कॅपिटल अक्षरं सगळी दुसऱ्या एका हातची, गिरवून जाड केलेली. वरचे कॉमे सगळे हिरव्या शाईत. आणि फुलस्टॉप इतके दाबून दिलेले की पानाच्या मागच्या बाजूला बोटाला टोचत होते.

रिक्षात माझ्या डोक्यात नुसती आग. विहारात शिरल्या शिरल्या मी वह्या मध्ये टाकल्या. "हे कुणी कुणाचं केलंय?"

मला वाटलं माना खाली जातील. कुणीच घाबरलं नाही. पहिल्या दिवशी ज्याने शब्दाशब्दाला कॉमा दिला होता तो म्हणाला, "आमी सावड केली बाई."

"काय केलं?"

"सावड. आवणीला करतात तशी. आज हिच्या वहीत, मंग माज्या. कॉमे ही टाकती, वरचे कॉमे मी. फुलस्टॉप हिच्याकडं. अर्ध्या घंट्यात नवांच्या नऊ वह्या व्हतात."

भातलावणीला या गावांत अजून सावड आहे. आज तुमच्या खाचरात सगळ्यांनी उतरायचं, उद्या दुसऱ्याच्या. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण इंग्रजीच्या वहीत सावड घालणारी पोरं मी पहिल्यांदा पाहिली, आणि त्यांना यात काही गैर आहे असं मनातसुद्धा आलेलं नव्हतं. उलट मी खूश होईन असंच त्यांना वाटत होतं.

मी झाले नाही. मी खूप बोलले. परीक्षेत तुमच्या बाकावर कोण येणार आहे कॉमा टाकायला, असं विचारलं. आणि त्या ठेंगणीकडे वळून म्हणाले, "आणि तू? नुसते ठिपके देत बसलीस तर जन्मभर ठिपकेच देत राहशील."

तिने मान हलवली. म्हणजे खरं आहे, असं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते उंच मुलीच्या डोळ्यांत आलं.

"सावड मी काढली, बाई," ती म्हणाली. "तुमी म्हनलात ना, धा चुका झाल्या तर बसायचं नाय. हिला बसू दिलं नसतंत तुमी. मंग मी बसून काय करू? मला एकटीला पास होऊन चालत नाय."

मग एकेक कळलं. तिच्या घरी एकच अट होती. कर्जतला जायचं तर शेजारीण बरोबर पाहिजे. शेजारीण सेमीला लागली नाही, तर हिनेही कळंबला जायचं, मराठीत. बाकीची मुलं गावाच्या दुसऱ्या टोकाची, त्यांची वाट वेगळी, थांबा वेगळा. आमच्या वर्गातली सर्वात हुशार मुलगी अशी सर्वात कच्च्या मुलीच्या पानावर टांगलेली होती. आणि मी त्या कच्च्या मुलीला परीक्षेला बसू नको म्हणत होते.

ही अट मला मान्य नव्हती. वर्ग संपल्यावर मी सरळ उंच मुलीच्या आईला गाठलं. ती सकाळी एका रिसॉर्टवर चादरी धुवायला जाते, दुपारी घरी असते. ओट्यावर बसवून तिने मला पाणी दिलं आणि माझं सगळं भाषण ऐकून घेतलं. मुलगी हुशार आहे, जमाना बदलला आहे, मुली कुठे कुठे एकट्या जातात.

"बाई, येस्टीचा थांबा हितनं दोन मैल," ती शांतपणे म्हणाली. "मदी ओढा, दोन्ही अंगांना कंपौंडच्या भिंती. जाताना ठीक हाय. येताना पावसात चार वाजताच आंधारून येतं. दोघी असल्या तर बोलत येतात. एकटीला मी नाय पाठवनार. तुमी रागवा पायजे तर."

मी रागावणारच होते. तेवढ्यात तिने विचारलं, "तुमी खोपोलीला एकट्या जायचा का वो?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण पहिली दोन वर्षं मी एकटी गेलेच नव्हते. आमच्या आळीतली एक ताई तिथेच कामाला होती, तिच्या भरवशावर घरच्यांनी मला नोकरीला पाठवलं. तिचं लग्न होऊन ती गेली, तेव्हा वडील महिनाभर मला स्टेशनपर्यंत सोडायला येत आणि गाडी हलेपर्यंत उभे राहत. हे सगळं मी विसरले होते असं नाही. सांगायच्या गोष्टींतून गाळलं होतं. त्या बाईला मी खरं ते सांगितलं. ती हसली नाही की काही नाही, नुसतं "तेच तर" म्हणाली.

निघताना मीच विचारलं, "आवणीला नवीन बाई आली, तिचा हात चालत नसला, तर तिला तुम्ही काय काम देता? नुसतं रोपं आणून द्यायचं?"

"छे. मंग ती शिकंल कवा? तिला कडंला नाय ठेवायची. दोन चांगल्या बायांच्या मदी घालायची. दोन दिवसांत हात आपोआप चालतो."

एकतीस वर्षांत कुठल्या साहेबाने मला इतकं कामाचं काही सांगितलं नव्हतं. येताना शेताशेतांतून रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजल्याचा धूर येत होता आणि रिक्षातल्या सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. मी मनातल्या मनात नऊ मुलांच्या जागा बदलत होते.

दुसऱ्या खेपेला दहा चुकांचा नियम मी मागे घेतला. माझं चुकलं, असंही म्हणाले. मुलांनी त्याचा काही बाऊ केला नाही. सावड चालू ठेवा म्हटलं, फक्त आजपासून ज्याला जे येतं त्याने ते करायचं नाही. कॉमेवालीने कॉम्याला हात लावायचा नाही, तिने कॅपिटल करायची. वरच्या कॉमेवाल्याने फुलस्टॉप द्यायचे आणि ते शिकायला ठेंगणीकडे जायचं. ठेंगणीला मी उंच मुलगी आणि कॉमेवाली यांच्या मध्ये बसवलं.

मग जो गोंधळ सुरू झाला, तो मला आजही आठवला की बरं वाटतं. कॉमेवाली मुलगी दुसऱ्याने तिच्यासमोर चुकीचा कॉमा टाकला की अंगावर काटा आल्यासारखी ओरडायची. फुलस्टॉप कुठे द्यायचा हे ठेंगणीला कसं कळतं, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "वाचताना दम संपतो तितं नाय बाई, बोलनं संपतं. तितं द्यायचा." मी हे वहीत लिहून घेतलं. रस्त्यावरच्या एका रिसॉर्टच्या पाटीत मुलांनी चार चुका काढल्या आणि रखवालदाराला सांगून आली. त्याने त्यांना हाकललं. पुढच्या वेळी ती पाचवी चूक घेऊन गेली.

ठेंगणी हळूहळू पुढे सरकत होती. पानात तीस चुका असायच्या त्या वीस झाल्या, मग बारा. वेळ मात्र तिला लागायचा. ती प्रत्येक ओळ आधी ओठांत वाचायची आणि मगच हात उचलायची. उंच मुलगी तोवर आपलं संपवून शेजारच्या पानाकडे बघत राहायची, आणि तिचा हात मी दोनदा पकडला.

परीक्षेच्या दिवशी मी हायस्कूलच्या फाटकाबाहेर उभी होते, घरी बसवेना म्हणून. उंच मुलगी वेळेआधी बाहेर आली. ठेंगणी घंटा झाल्यावर सर्वांत शेवटी.

"कसा गेला?"

"केलं तेवढं बरोबर असंल," ती म्हणाली. "शेवटचा उतारा ऱ्हायला."

आठवड्याने हायस्कूलातून सरांना कळलं आणि सरांनी मला फोन केला. नवांपैकी सहा लागली होती. उंच मुलगी पहिली आली होती. ठेंगणीला तीन गुण कमी पडले होते.

फोन ठेवला आणि मी स्वतःवर इतकी चिडले की यजमान खोलीबाहेर गेले. माझ्या त्या अगोचर नियमाने दोन आठवडे फुकट घालवले होते. त्या दोन आठवड्यांत तीन गुण आले असते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाव गाठलं. वाटभर उंच मुलीच्या आईशी काय बोलायचं ते जुळवत होते. रोज संध्याकाळी थांब्यावर मी येऊन उभी राहते म्हणावं, महिनाभर तरी. वडील राहिले होते तसं.

मी पोचले तेव्हा दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात दोघींच्या आया तांदळाचे पापड वाळत घालत होत्या. दोघी मुली कावळे हाकायला बसल्या होत्या. निकाल सर्वांना कळलेला होता. उंच मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पहिली आलेली मुलगी अशी दिसत नाही. मी तोंड उघडणार, तर ठेंगणीच बोलली, नेहमीसारखी सावकाश.

"बाई, कर्जतच्या हायस्कूलला मराठी तुकडी पन हाय ना?"

"आहे."

"तिला परीक्षा असती?"

"नाही. दाखला दिला की झालं. पण मराठी तुला कळंबलाच आहे की. त्यासाठी कोण कर्जतपर्यंत जातं?"

"मी जानार," ती म्हणाली.

मी तिच्या आईकडे पाहिलं. आईने पापडाचा हात न थांबवता सांगितलं, "काल सांजपासनं हेच लावलंय. बाप नाय म्हनत व्हता. मंग म्हनला, जा."

"तू हिच्यासाठी एवढ्या लांब जाणार?" मी विचारलं.

तिला तो प्रश्नच कळला नसावा. "नाय, नुसतं तिच्यासाठी कसं," ती म्हणाली. "येस्टीत जाता-येता दोन घंटे मिळतात. तितं ती माजं इंग्रजी घेनार. आमचं ठरलंय. आंदी तिचं व्हऊ दे, मंग माजं."

उंच मुलगी रडत होती आणि फडक्याने कावळे हाकत होती. रडू मलाही आलं आणि मी ते लपवलं नाही. मी जुळवून आणलेल्या भाषणातला एक शब्दही आता कुणाला नको होता. मी त्या मुलीला जन्मभर ठिपकेच देत राहशील म्हणाले होते, आणि तिने ते मनात ठेवलं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.

उंच मुलीच्या आईने शेवटचा पापड पसरला, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे वळली.

"बाई, कर्जतला दप्तरं बरी मिळतात का वो?" तिने विचारलं. "दोन पायजेत."